मोठा मॅगेलन मेघ की बर्नार्डची दीर्घिका?

दोन्ही अनियमित बटू दीर्घिका, म्हणजे आकाशगंगेसारखेच, पण लहान आणि ठरावीक आकार नसलेले ताऱ्यांचे समूह; दोन्हींत आजही तारे जन्मताहेत. मॅगेलन मेघ १.६ लाख प्रकाशवर्षांवर. १९८७चा प्रसिद्ध अतिनवतारा (स्फोट होऊन झळाळलेला तारा) तिथलाच. पण मुंबईच्या क्षितिजावर हा मेघ जेमतेम एक-दोन अंश वर येतो आणि धुरक्यात हरवतो.

बर्नार्डची दीर्घिका दहापट दूर, बरीच फिकी. खगोलशास्त्रज्ञ बर्नार्डने ती १८८४मध्ये शोधली. १९२५मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलने तिच्यातल्या सेफिड, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांवरून अंतर काढलं आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची ठरली! मला तीच जास्त जवळची वाटते. शिवाय धनू राशीत ती इथून छप्पन्न अंशांपर्यंत चढते. शहरातल्या उजेडात मात्र आशा नको. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरातल्या अमावास्येला, संध्याकाळीच मोठी दुर्बीण घेऊन मुंबईबाहेरच्या अंधाऱ्या आकाशाचं वांगणी गाठा.