एपीसी एपी ८८५३ मीटर्ड पीडीयू: मोजतो नेटका, पण सीमा आपण आखून द्याव्या लागतात

दोन-तीन रॅकच्या (सर्व्हर ठेवायच्या कपाटांच्या) सर्व्हर रूममध्ये वीज मोजायचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी यूपीएसच्या डिस्प्लेवर दिसणाऱ्या टक्क्यांवरच भागवलं जातं. पण तो टक्का अख्ख्या यूपीएसचा. कुठल्या रॅकमध्ये, कुठल्या फीडवर (वीज आणणाऱ्या वाटेवर) किती लोड आहे, हे त्यातून कळत नाही. एपीसीचा एपी ८८५३ नेमकं तेवढं काम करतो. रॅकच्या मागच्या बाजूला उभा लागणारा हा पीडीयू, म्हणजे रॅकमधल्या सर्व्हरना वीज वाटणारी आउटलेटची लांब पट्टी, २३० व्होल्ट, ३२ अँपियर, सिंगल फेजचा आहे. सी-१३ (नेहमीच्या कॉम्प्युटर केबलची) आउटलेट ३६, सी-१९ (जास्त करंटची, मोठी) आउटलेट ६. आउटलेट दोन बँकांत, म्हणजे गटांत, विभागलेली, प्रत्येक बँकेला १६ अँपियरचा ब्रेकर. छोटा डिस्प्ले, नेटवर्क पोर्ट, तापमानाच्या सेन्सरसाठी वेगळं पोर्ट.

नावातल्या ‘मीटर्ड’ या शब्दाने फसायला होतं. हा एकेका आउटलेटचं मोजमाप देत नाही आणि एकही आउटलेट चालू-बंद करू शकत नाही. मिळतो तो पूर्ण पीडीयूचा आणि दोन बँकांचा आकडा. अडकलेला सर्व्हर दुरून बंद-चालू करायचा असेल तर एपी ८९५३, आउटलेटनिहाय विजेची युनिटही मोजायची असतील तर एपी ८६५३. मात्र त्या दोन्हींत सी-१३ फक्त २१ आणि सी-१९ फक्त ३. भरलेल्या रॅकमध्ये हा फरक जाणवतो. आयलो किंवा आयड्रॅक (एचपी आणि डेल सर्व्हरमधली दुरून देखरेखीची सोय) असलेले सर्व्हर स्वतःचे वॅट स्वतःच सांगतात, त्यामुळे लहान रूमला ८८५३ पुरतो असं आमचं मत.

बसवताना पहिली गडबड होते ती प्लगवर. याच्या केबलला निळा ३२ अँपियरचा तीन पिनी इंडस्ट्रियल प्लग येतो. भिंतीवर तसं सॉकेट नसलं की इलेक्ट्रिशियन तो कापतो आणि १६ अँपियरचा घरगुती टॉप (प्लग) लावून देतो. लोड ८-१० अँपियर असेपर्यंत काही बिघडत नाही. पुढे दोन सर्व्हर वाढले की टॉपची पिन काळी पडू लागते, आणि पीडीयू बिचारा ३२ च्या हिशेबाने ‘सगळं ठीक’ दाखवत राहतो. इंडस्ट्रियल सॉकेट, ६ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि ३२ अँपियरचा एमसीबी, एवढा खर्च पीडीयूबरोबरच धरून चाला. यूपीएसचाही विचार हवा. ६ केव्हीएचा यूपीएस २३० व्होल्टला जेमतेम २६ अँपियर देतो, म्हणजे खरी मर्यादा ३२ नाही, २६.

आता मुख्य मुद्दा. या पीडीयूची किंमत वसूल होते ती थ्रेशोल्डमधून, म्हणजे सूचना कधी द्यायची त्या पातळ्यांमधून, आणि नेमकं तेच कोणी भरत नाही. पीडीयूच्या वेब पानावर तीन पातळ्या असतात: लोड फार कमी झाला, लोड मर्यादेजवळ आला, लोड मर्यादेबाहेर गेला. ए आणि बी असे दोन फीड, दोन्हींवर एकेक ८८५३ आणि सर्व्हरला दोन-दोन पॉवर सप्लाय, अशी मांडणी धरू. ए वर ७.४ अँपियर, बी वर ७.१. दोन्ही आकडे बघून वाटतं, भरपूर जागा आहे. पण ए गेला की सगळं म्हणजे १४.५ अँपियर बी वर येणार. वायरी ओढायला सोप्या म्हणून सगळे सर्व्हर बी च्या पहिल्याच बँकेत खोचले असतील, तर १६ च्या ब्रेकरवर ९० टक्के भार झाला. त्यात आणखी एक सर्व्हर चढला तर ए गेल्यावर बी चा ब्रेकरही पडू शकतो, आणि दोन फीडवर केलेला खर्च वाया.

म्हणून हिशेब बँकेचा करायचा. १६ चे ८० टक्के म्हणजे १२.८, दोन फीडमध्ये वाटले की प्रत्येकी ६.४. प्रत्येक बँकेला ‘मर्यादेजवळ’ची सूचना ६ अँपियरला आणि ‘मर्यादेबाहेर’ची ८ ला लावा. ए च्या पहिल्या बँकेतला सर्व्हर बी च्याही पहिल्याच बँकेत जाईल, हे पाळा. ‘कमी लोड’ची पातळीही रिकामी ठेवू नका. बँकेवर एरवी ३ च्या खाली आकडा जात नसेल तर ती २ ला लावा. पॉवर सप्लाय मेले किंवा कुणी साफसफाई करताना वायरी ढिल्या केल्या, तर सर्व्हर दुसऱ्या फीडवर चालूच राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. ही सूचना ते पकडते. एकच सप्लाय गेला असेल तर घसरण लहान असते. तिच्यासाठी सर्व्हरचा स्वतःचा अलार्मच बघावा लागेल. आणि पीडीयू या पातळ्यांवर फक्त ओरडतो, वीज तोडत नाही. तोडतो तो ब्रेकर.

एक आंधळी जागा आहे. पीडीयूचं नेटवर्क कार्ड त्याच फीडवर चालतं. ए चा फीड गेला की ए चा पीडीयू मुका होतो, निरोप पाठवणार कोण? ओरडतो तो शेजारचा बी. म्हणून मॉनिटरिंगमध्ये ‘पीडीयू पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर देत नाही’ हासुद्धा मोठा अलार्म धरा. ज्या स्विचमधून हे निरोप बाहेर जातात तो स्विच आणि राउटर यूपीएसवर आहेत का, हेही बघा. कित्येक ठिकाणी ते भिंतीवरच्या साध्या सॉकेटवर सापडतात.

झॅबिक्स किंवा तत्सम मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये एसएनएमपीने (नेटवर्कवरून उपकरणांचे आकडे वाचायच्या पद्धतीने) आकडे घेताना दशांश चिन्हाचा घोळ हमखास होतो. करंट दशांश अँपियरमध्ये येतो: ७४ म्हणजे ७.४ अँपियर. पॉवर शतांश किलोवॅटमध्ये: १६५ म्हणजे १.६५ किलोवॅट. एनर्जी दशांश युनिटमध्ये. गुणक न लावता ग्राफ काढला तर पडद्यावर ७४ अँपियर दिसतात आणि साहेबांचा फोन येतो. जोडणी बरोबर आहे का, हे तपासायला साधा गुणाकार पुरे: ७.४ गुणिले २३० म्हणजे साधारण १७०० व्हीए, पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी खरे वॅट किती, ते प्रमाण) ०.९७ धरला तर १.६५ किलोवॅट. जुळलं पाहिजे.

जुना साठा मिळाला असेल तर नवं फर्मवेअर (पीडीयूच्या आतलं सॉफ्टवेअर) आधी चढवा आणि ‘एपीसी-एपीसी’ हा जगजाहीर पासवर्ड त्याच दिवशी बदला. पीडीयूचं नेटवर्क कार्ड रीस्टार्ट झालं तरी आउटलेटची वीज जात नाही, त्यामुळे हे काम भर दुपारीही करता येतं. सेन्सरचं पोर्ट आरजे-४५ आकाराचंच असल्याने लॅनची केबल त्यात खुपसली जाते आणि मग ‘आयपी मिळत नाही’ म्हणून तासभर शोध चालतो. तापमान आणि आर्द्रता दोन्हीसाठी सेन्सर एपी ९३३५टीएच. तो रॅकच्या पुढच्या दारावर, हवा आत शिरते तिथे लावायचा. मागे लावला तर सर्व्हरची गरम हवा मोजत बसेल.

८८५३ ला जे दिसत नाही तेही सांगायला हवं: एसी, यूपीएसमधला तोटा आणि बिल. महावितरणने एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर (किलोवॅट-तासांऐवजी केव्हीए-तासांवर) बिल लावलं आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर बिघडला की तो थेट युनिटमध्ये दिसतो. हे बघायला सर्व्हर रूमच्या इनकमरवर, म्हणजे वीज आत येते त्या मुख्य जोडणीवर, पॅनल मीटर हवाच. नवी मुंबईच्या सेलेकचा एमएफएम ३८३ए या कामाला चांगला. फक्त मागवताना शेवटी ‘सी’ असलेला घ्या, नाहीतर आरएस-४८५ (आकडे कॉम्प्युटरला पाठवायचं पोर्ट) येत नाही आणि आकडे हाताने लिहावे लागतात. लोड १०-१५ अँपियर आणि सीटी (करंट मोजायला वायरभोवती बसणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) १००/५ ची असेल, तर वायर सीटीच्या भोकातून दोनदा ओवा. ती ५०/५ सारखी वागते, मीटरमध्ये प्रायमरी ५० भरा. एका फेजचा किलोवॅट उणे आला तर त्या सीटीची एस-१ आणि एस-२ ही सेकंडरीची टोकं उलटी लागलीत. चालू लोडवर सीटीची सेकंडरी कधीही मोकळी सोडू नका, आधी शॉर्ट करा. तिथे धोकादायक व्होल्टेज तयार होतं.

या मीटरचं व्होल्टेज मॉडबसवर (आरएस-४८५ वरून आकडे वाचायच्या पद्धतीने) वाचताना २३० च्या जागी शून्य दिसलं तर मीटर परत पाठवायची घाई नको. फ्लोट (दशांशाचा) आकडा दोन रजिस्टरमध्ये, म्हणजे मीटरच्या मेमरीच्या दोन कप्प्यांत, येतो. हेक्समध्ये २३० चे दोन भाग ४३६६ आणि ०००० असे असतात. सॉफ्टवेअरने ते उलट क्रमाने जोडले तर उत्तर शून्याच्या इतकं जवळ येतं की पडद्यावर शून्यच दिसतं. क्रम बदलला की २३० उमटतं.

इनकमरवर महिन्याला २९०० युनिट आणि सगळ्या पीडीयूंची बेरीज १६०० आली, तर भागाकार १.८, म्हणजे रॅकमधल्या एका युनिटमागे रूमला १.८ युनिट लागतात. वरची १३०० युनिट एसी, यूपीएस आणि दिव्यांची. त्यासाठी दोन्हीकडचे आकडे एकाच दिवशी घ्यावे लागतात. पीडीयूमधला युनिटचा आकडा कुणालाही शून्यावर नेता येतो. तो कधी शून्य केला ती तारीख रॅकच्या दारावरच चिकटवून ठेवा.