वेगळ्या आकाराच्या पंखाची लिफ्ट: व्हॉर्टेक्स लॅटिस पुरेल की ओपनफोम लागेल?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विमानाचा बॉक्स विंग किंवा डेल्टा (त्रिकोणी) पंख घेतला की पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा येतो. विमानाचा आकार काढून झटपट तपासणारं नासाचं ओपनव्हीएसपी आणि हवेचा प्रवाह बारकाईने सोडवणारं ओपनफोम, दोन्ही मोफत. खर्च होतो तो वेळ. म्हणून लिफ्टबद्दल, म्हणजे पंखाला वर उचलणाऱ्या बलाबद्दल, नेमकं काय शोधायचंय ते आधी वहीत लिहा आणि मगच इन्स्टॉल करायला बसा.

ओपनव्हीएसपीसोबतचा व्हीएसपीएरो पंखाच्या पातळ पृष्ठभागाचे चौकोन पाडतो, प्रत्येकावर एक भोवरा ठेवतो आणि समीकरणं सोडवतो. हीच व्हॉर्टेक्स लॅटिस पद्धत. साध्या लॅपटॉपवर मिनिटभराचं काम. बॉक्स विंगला मी डोळे झाकून हेच सुचवेन. वर-खाली दोन पंख आणि टोकांना उभ्या पाट्या, ही जर्मन शास्त्रज्ञ प्रांटल यांची १९२४ची कल्पना. तिचा फायदा इंड्यूस्ड ड्रॅगमध्ये (लिफ्टमुळेच येणाऱ्या हवेच्या विरोधात) आहे, आणि तो ठरतो लिफ्ट पंखभर कशी वाटली जाते त्यावर. ही वाटणी लॅटिसला छान जमते. दोन पंखांमधलं अंतर बदलत एका संध्याकाळी कितीतरी आकार तपासून होतात. ओपनफोममध्ये तेवढ्यात एक मेशही (हवेचे छोटे खण पाडलेली जाळी) धड होत नाही.

डेल्टाचं तसं नाही. पंखाचा हवेशी असलेला अँगल वाढला की पुढच्या कडेवरून भोवरा सुटतो आणि जास्तीची लिफ्ट देतो. साध्या लॅटिसला तो दिसत नाही. पोलहॅमस यांनी १९६६ मध्ये दिलेल्या सूत्राने ती भर घालता येते, पण भोवरा कुठे फुटतो हे त्यातून कळत नाही.

हंपबॅक देवमाशाच्या परासारखे पुढच्या कडेला उंचवटे असलेला पंख घेतलात, तर लॅटिस विसराच. २००४च्या विंड टनेल प्रयोगात या उंचवट्यांनी स्टॉलचा (प्रवाह सुटून लिफ्ट कोसळण्याचा) अँगल सुमारे ४० टक्के लांबवला होता. लॅटिसमध्ये हवेला चिकटपणाच नसतो, त्यामुळे स्टॉलही नसतो. २५ अंशांनाही लिफ्ट वाढतच राहते. इथे ओपनफोमला पर्याय नाही.

पण तिथेही एक खड्डा आहे. २० सेंटिमीटर कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) आणि सेकंदाला १५ मीटर वेग धरला, तर रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि आकाराच्या तुलनेत हवेचा चिकटपणा किती ते सांगणारा आकडा) येतो साधारण २ लाख. एवढ्यावर प्रवाह बरंच अंतर लॅमिनार (शांत, थरांचा) राहतो, मध्येच सुटतो, पुन्हा चिकटतो. ओपनफोममधलं नेहमीचं के-ओमेगा एसएसटी मॉडेल मात्र प्रवाह सुरुवातीपासूनच टर्ब्युलंट (खळबळता) धरून चालतं. लॅमिनारचा टर्ब्युलंट कुठे होतो ते धरणारं ट्रान्झिशन मॉडेल वापरा, पंखाच्या पृष्ठभागाजवळ वाय-प्लस (पहिला खण किती बारीक ते सांगणारा आकडा) १ च्या आसपास ठेवा. मेश दहा-दहा लाखांनी वाढतो, एका अँगलला रात्र जाते. इतकं करूनही स्टॉलचा कमाल आकडा छातीठोकपणे सांगू नका. प्रवाह वेळेनुसार बदलत नाही असं धरणारी स्टेडी सोडवणूक तिथे हेलकावे खाते. दोन पंखांत कोण आधी स्टॉल होतो, एवढी तुलना तुलनेनं भरवशाची.

ओपनफोम घेतलंत तर पहिली केस नाका ००१२ या प्रमाणित पंख-छेदाची करा. तिची मोजमापं भरपूर उपलब्ध आहेत. लिफ्टचा उतार (अँगलनुसार लिफ्ट वाढण्याचा दर) त्यांच्याशी जुळेपर्यंत आपल्या पंखाला हात लावू नका.