लिमिट पोकरमध्ये टॉप पेअर: फ्लॉपलाच रेज, की टर्नपर्यंत दम?

गणपतीच्या जागरणाला कोकणात पत्ते कुटणं नवीन नाही. मुंबईहून आलेली पोरं हल्ली पडवीत मेंढीकोटाच्या शेजारी पोकरचाही डाव मांडतात. चिंचोक्यांवर खेळायचं तर लिमिटच बरं, म्हणजे एका वेळी किती वाढवायचं ते ठरलेलं; एका डावात कुणाचा सगळा ढीग उडत नाही. (पैसे लावायचे नाहीत, हे गृहीत धरतो. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे, आणि 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैशांचा ऑनलाइन खेळही बंद केला.)

लिमिट शिकणारा हमखास अडतो तो इथे. समजा डाव 2-4 चा आहे: फ्लॉपपर्यंत (मध्ये सगळ्यांसाठी उघडणारी पहिली तीन पानं) दोन-दोन चिंचोक्यांनी वाढवायचं, टर्न (चौथं पान) आणि रिव्हरला (पाचवं) चार-चारने. तुमच्या हातातली दोन पानं: इस्पिकचा एक्का आणि चौकटचा गुलाम. फ्लॉपआधी तुम्ही रेज केलंत (लावायचे चिंचोके वाढवलेत), तुमच्यासकट पाच जण आत आले, मध्ये 20 चिंचोके जमले. फ्लॉप पडला: बदाम गुलाम, बदाम दश्शी, किल्वर अठ्ठी. टॉप पेअर आहे (मधल्या सगळ्यात मोठ्या पानाशी जमलेली जोडी), किकर म्हणजे जोडीसोबतचं पानही एक्क्याचं. पण दोन बदामवाला फ्लशची (एकाच जातीची पाच पानं) वाट बघतोय, नव्वीवाल्याला स्ट्रेटची (ओळीने पाच पानं) दोन्ही टोकं उघडी आहेत, आणि कुणाकडे राणी-नव्वी किंवा नव्वी-सत्ती असली तर त्याचा स्ट्रेट लागलेलाच आहे. तुमच्या उजवीकडचा पहिला बोलतो आणि 2 लावतो. आता तुमची पाळी.

नो-लिमिटमध्ये, म्हणजे हवं तेवढं लावता येतं तिथे, मोठा ढीग पुढे सरकवून सगळ्यांना पळवता आलं असतं. लिमिटमध्ये ती सोय नाही. फ्लशवाला जाणार नाही, आणि हिशेबाने त्याने जाऊही नये. तुमचं भांडण त्याच्याशी नाहीच. ते आहे सत्ती धरून फक्त नव्वीची वाट बघणाऱ्याशी आणि अठ्ठीची जोडी घेऊन बसलेल्याशी. पुढच्याच पानाचा विचार केला तर नव्वीवर डोळा असलेल्याला पावणेअकरास एक भाव (घातलेल्या एकामागे मध्ये पावणेअकरा) मिळायला हवा, अठ्ठीवाल्याला साधारण साडेआठास एक. त्याहून कमी मिळूनही ते आत आले, तर चूक त्यांची आणि फायदा तुमचा.

तुम्ही आता नुसतं कॉल केलंत (लावलेत तेवढेच भरलेत) तर मध्ये 24 होतात आणि पुढच्याला फक्त 2 घालायचे असतात. बारास एक. मग ‘तात्यानु, दोनच चिंचोके तर आसत, बघूया तरी!’ म्हणत सगळी पडवी आत येते, आणि गंमत म्हणजे त्यांचं बरोबरच असतं. रेज करून 4 केलेत तर मध्ये 26, पुढच्याला 4 घालायचे. साडेसहास एक. दोघांनाही परवडत नाही.

इथवर रेजचं पारडं जड वाटतं. आता टर्न बघा. रेजनंतर एक जण गेला, चौघे उरले, मध्ये 36 झाले. उजवीकडचा तुमच्या रेजने बिचकून चेक करतो (काही न लावता पाळी सोडतो), तुम्ही 4 लावता. पुढच्याला 40 साठी 4, म्हणजे दहास एक. अठ्ठीवाल्याला हा भाव चक्क परवडतो, सत्तीवाल्याचीही चूक नावापुरतीच उरते. फ्लॉपला तुम्हीच पॉट (मधला ढीग) फुगवलात, त्याचा हा परिणाम.

दम धरलात, म्हणजे फ्लॉपला नुसतं कॉल केलंत तर? पाचही जण दोन-दोन घालून टर्नला येतात, मध्ये 30. साधं पान पडतं, उजवीकडचा पुन्हा 4 लावतो, तुम्ही 8 करता. मध्ये 42, पुढच्याला 8 घालायचे: सव्वापाचास एक. आता दोघंही पानं टाकतात किंवा मोठी चूक करतात. फ्लशवाल्याला अजूनही परवडतं, पण काठावर.

जोखीमही तशीच आहे. न दिसलेल्या 47 पानांपैकी 11 बदाम, आणि बदाम सोडून राणी, नव्वी, सत्ती मिळून 9, अशी 20 पानं टर्नला तुमचा जीव वर-खाली करणारी. त्यातलं एखादं पडलं तर रेज गिळायचं आणि पुढे फार तर कॉल. निदान फ्लॉपचे जादा दोन वाचलेले असतात.

माझा कल असा: उजवीकडचा हातात काही असो-नसो लावत सुटणारा असेल आणि पॉट आधीच मोठा असेल, तर थांबा. असा एक तरी भिडू प्रत्येक पडवीत असतो. तो टर्नला चेक करेल अशी शंका असेल तर मात्र थांबण्यात काही हशील नाही. सगळ्यांना फुकट पान मिळेल. मग फ्लॉपलाच रेज. पॉट लहान असेल, दोघं-तिघंच असाल, तरीही लगेच रेज. तिथे डोकं चालवण्यासारखं फारसं नाही.

बेट लावणारा तुमच्या लगेच डावीकडे असेल तर सगळंच बदलतं. तुमच्यापर्यंत पाळी परत येईतो बाकीच्यांनी एकेक कॉल करून ठेवलेला असतो, आणि तुमच्या रेजला त्यांना आणखी एकच बेट भरावी लागते. चेक-रेज (आधी चेक, मग दुसऱ्याच्या बेटवर रेज) तेव्हा कामाचा जेव्हा बेट लावणारा शेवटी बोलतो आणि बाकीचे मध्ये अडकतात.

फ्लॉपची तिन्ही पानं बदाम, तुमच्या हातात एकही बदाम नाही, आणि पाळी येण्याआधीच दोघांची रेजवर रेज चाललीय? पानं टाका, इथे टाकणं सगळ्यात स्वस्त पडतं. रिव्हरला हिशेब उलटा असतो: समोरच्याची बेट धरून मध्ये 60 असतील आणि 4 घालायचे असतील, तर सोळांतून एकदाच जिंकलात तरी तोटा नाही. तिथे तोंड वाकडं करून का होईना, कॉल करा.