टूनासाठी घरी बांधलेल्या फ्लाय: आठ महिने बोटीमागे ओढल्यावर

आठ महिन्यांत साठेक फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेली आमिषं, बांधल्या. आज डब्यात अकरा उरल्यात. काही माशांनी नेल्या, काही गंजल्या, आणि बऱ्याचशा माझ्याच कच्च्या बांधणीमुळे सुटून समुद्रार्पण झाल्या.

या भानगडीत पडलो ते एका सकाळमुळे. बोटीच्या चहूबाजूंनी टूना उसळत होते, पाणी नुसतं खदखदत होतं, आणि आमच्या आठ इंची लूरकडे (कृत्रिम आमिषाकडे) एकही मासा ढुंकून बघत नव्हता. शेवटी एक कसाबसा लागला. त्याच्या पोटात निघाली बोटाच्या दोन पेरांएवढी मासळी! टूना अशा बारीक मासळीवर तुटून पडला की मोठ्या आमिषाला विचारत नाही. तेवढ्याच लांबीचं, पाण्यात केस हलले की जिवंत वाटणारं आमिष हवं होतं, म्हणून फ्लाय.

पहिल्या डझनभर दिसायला देखण्या होत्या. दोन्ही बाजूंना पिसं, भरपूर चमकी, वर रेझिनचं गुळगुळीत डोकं. पाण्यात सोडल्यावर त्या भोवऱ्यासारख्या फिरल्या आणि तासाभरात दोरीला असा पीळ बसला की अर्धं रीळ कापून टाकावं लागलं. चूक साधी होती. एका बाजूचं पीस जरा जास्त वाकडं, किंवा केस एकाच अंगाला जास्त. हाताने फेकून ओढायच्या फ्लायमध्ये हे खपून जातं, पण बोट पाच-सहा नॉटने ओढत असताना अजिबात खपत नाही. आता प्रत्येक फ्लाय आधी बोटीच्या कडेला हातभर दोरीवर ओढून बघतो. फिरली तर तिथेच कात्री लावतो, दया-माया नाही.

मग ट्यूब फ्लायकडे वळलो. यात केस गळावर न बांधता नळीवर बांधतात, लीडर (दोरीच्या टोकाचा, गळाला जोडणारा तुकडा) नळीतून ओवतात आणि गळ मागे वेगळा राहतो. मासा लागला की फ्लाय लीडरवरून वर सरकते, त्यामुळे ती चावली जात नाही. गळ बोथट झाला तर फक्त गळ बदलायचा. पण इथे एक मोठा फटका बसला. पितळी नळी कापून तशीच वापरली. आतली धार बोटाला लागत नव्हती, लीडरला मात्र लागली. चांगला मासा दहा मिनिटं ओढला आणि मग दोरी एकदम सैल. वर आलेलं टोक बघितलं तर चक्क सुरीने कापल्यासारखं. तेव्हापासून पितळेच्या आत प्लास्टिकची नळी घालतो आणि तिची दोन्ही टोकं लायटरने गरम करून बाहेर वळवतो. दोन मिनिटांचं काम, पण तेवढ्याने बला टळते.

सामानात सर्वात जास्त डोकं खाल्लं ते बांधायच्या दोऱ्याने. एका कंपनीच्या तयार किटमधला दोरा आवळला की तुटायचा. जेलस्पन (पॉलिथिलीनचा मजबूत) दोरा आणला, तो तुटत नाही, पण इतका निसरडा की मेण लावल्याशिवाय आणि मध्येमध्ये सुपरग्लूचा थेंब दिल्याशिवाय वेढे जागचे हलतात. हरणाच्या शेपटीचे केस, म्हणजे बकटेल, पाण्यात सुंदर हलतात. मुळाशी ते पोकळ असतात, त्यामुळे तिथे आवळले की फिसकारतात. टोकाकडचे बांधले की सरळ राहतात. कृत्रिम धागे जास्त टिकतात, पण लांब ठेवले की गळाच्या वाकात अडकतात, आणि अडकलेली फ्लाय म्हणजे ओढत नेलेली चिंधी.

केस किती घालायचे? जेवढे लागतील असं वाटतं, त्याच्या निम्मे. विरळ फ्लायमधून प्रकाश आरपार जातो, मासळीचं अंग तसंच दिसतं. जाड फ्लाय पाणी पिऊन नुसती फडक्यासारखी येते. तेही मी बांधून झालेल्या पंधरा जाड फ्लाय पुन्हा उसवून शिकलो.

वेग वाढवला की हलकी फ्लाय वर येऊन पाण्यावर टपटप उड्या मारते. डोक्याशी धातूचा शंकू बसवला की ती सरळ, पृष्ठभागाखालून जाते. बोटीपासून अंतर मी फार ठेवत नाही. पंख्याचा पांढरा फेस जिथे विरळ व्हायला लागतो, तिथेच बहुतेक वेळा दणका बसतो. ड्रॅग (मासा दोरी ओढताना रिळाचा होणारा अडसर) दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त ठेवू नका. टूना लागताच खाली सूर मारतो आणि बारीक तारेचा गळ सरळ करतो. माझे दोन गळ असेच उलगडले.

गळ स्टेनलेसचा घ्यावा की टिनचा मुलामा दिलेला कार्बनचा? पहिला गंजत नाही, पण टोक लवकर बोथट होतं. दुसरा तीक्ष्ण राहतो, पण डब्यात ओला ठेवला की शेजारच्या पांढऱ्या केसांवर गंजाचे डाग पडतात. मी दुसराच वापरतो आणि घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुऊन, उघड्यावर वाळवून मगच डबा बंद करतो.

विक्रमाची हौस असणाऱ्यांसाठी सांगतो: आयजीएफएच्या (मासेमारीचे विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात बोटीमागे फ्लाय ओढणं फ्लाय फिशिंगमध्ये धरत नाहीत. फ्लाय टाकताना आणि परत ओढताना बोट गिअरमधून बाहेर हवी. म्हणजे माझा एकही मासा तिथे चालणार नाही, आणि जेवायला बसल्यावर कोणी हे विचारत नाही.

रेझिन मात्र उन्हात पिवळं पडतं, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. अकरापैकी चार फ्लायची डोकी जुन्या साबणासारखी दिसतात. परवा त्यातलीच एक लावली होती, चाळीस मिनिटांत दोन मासे लागले.