हायवेला ‘मागचं चाक डुलतंय’ म्हणून गाडी थांबवतात, तेव्हा सावध राहा

पुणे-कोल्हापूर रोडनी जाणाऱ्यांनी जरा वाचा. बाईकवरनं एकजण शेजारी येतो, हॉर्न मारतो, मागच्या चाकाकडं बोट दाखवत ओरडतो की साहेब चाक डुलतंय, निघंल. आपण घाबरून गाडी बाजूला घेतो आणि काय योगायोग बघा, तिथनं हाकेच्या अंतरावर गॅरेज असतंच. माझ्या बाबतीत हे कऱ्हाडच्या अलीकडं झालं, गाडी 2008 ची वॅगनआर, मागं आईवडील आणि पोरं.

पटलं कारण गाडी खरंच मागनं ढिली वाटत होती. ट्रक ओव्हरटेक करून गेला की मागची बाजू बाजूला सरकल्यासारखी व्हायची आणि एक चाक खड्ड्यात गेलं की खालनं टक करून आवाज. त्यामुळं तो माणूस बोलला ते खोटं वाटलं नाही, आणि ह्यांचा धंदा त्याच्यावरच चालतो, दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीला मागं काहीतरी वाजत असणारच.

मिस्त्रीनी जॅक लावून चाक उचललं आणि गदागदा हलवून दाखवलं, बघा साहेब. आता मला कळलंय की उचललेलं चाक असं ओढलं की अख्खा ॲक्सल, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा दांडा, त्याच्या जोडांतल्या रबरी बुशांवर थोडाफार हलतोच. बेअरिंग बघायचं असेल तर चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवायचं, खटखट लागली तर बेअरिंगचं बघायचं, एवढंच. मग तो खाली शिरला, हात बाहेर काढला तर तेलानी माखलेला, म्हणे दोन्ही शॉकअप फुटलेत. मी वाकून बघितलं, शॉकअप चकचकीत ओला होता. इथंच खरी गंमत आहे. शॉकअप खरोखर गळत असेल तर त्या तेलावर रस्त्याची धूळ बसून काळा चिकट थर होतो, नखानी खरवडावा लागतो. माझ्या शॉकअपवर तेल ताजं, पातळ आणि खालची धूळ ओघळलेली, म्हणजे वरनं कुणीतरी फवारलंय. पण मागं आई उन्हानं बेजार झालेली, पोरं रडतायत, त्यात कोण नखानी खरवडत बसणार.

वर त्यानी एक शॉकअप काढून जमिनीवर टेकवून दाबला आणि म्हणाला बघा, परत वर येत नाही, मेलाय. साध्या ऑइलचा शॉकअप दाबला की तिथंच राहतो, गॅसचा असेल तर आपोआप वर येतो. बघायचं ते हे की ओढताना आणि दाबताना सगळीकडं सारखा जोर लागतो का, मधेच मोकळा सुटला तर गेला. गाडीवर असताना कोपरा दाबून सोडला आणि गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप बरा आहे. हे त्यानी केलंच नाही.

दोन ‘ओरिजिनल’ शॉकअप, स्प्रिंगचे रबर, लेबर धरून साडेआठ हजार घेतले, हातात वहीचा फाटका कागद दिला, त्यावर नुसती रक्कम. जुने शॉकअप मागितले तर म्हणे ते स्क्रॅपला जातात. कोल्हापूर यायच्या आत तोच टक आवाज!

घरी आल्यावर आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली, चारी चाकं टेकलेली, पोराला सांगितलं डिकीजवळ धरून बॉडी डावी-उजवीकडं ढकल, आणि स्वतः खाली टॉर्च घेऊन बसले. मलाही बोलावलं. लॅटरल रॉडच्या एका टोकाचा बुश शिळ्या भाकरीसारखा तडकलेला, प्रत्येक ढकलण्याला बोल्ट त्यात इकडनं तिकडं जात होता आणि तोच टक. हा रॉड एका बाजूनी ॲक्सलला आणि दुसऱ्या बाजूनी बॉडीला असतो, ॲक्सलला आडवं सरकू न देणं एवढंच त्याचं काम. बुश खाल्ला की मागची बाजू झुलते, शॉकअपचा त्यात काही संबंध नाही. बुश आणि मजुरी मिळून पाचशेच्या आत काम झालं. शेवटचा नट त्यांनी गाडी चाकांवर उभी असतानाच आवळला, कारण गाडी लटकत असताना आवळला तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आणि ते नवे शॉकअप? काळा रंग रबराच्या बुशावर, आट्यांवर, सगळीकडं गेलेला. मिस्त्रींनी पान्यानी जरा खरवडलं तर आत गंजाचे खड्डे. म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी काढलेले रंगवून मला बसवले, आणि माझे चांगले काढलेले बहुतेक पुढच्या गिऱ्हाईकाला.

ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही, पण दुकानाचं नाव असलेलं बिल नसेल तर तक्रार करायची कुणावर. म्हणून पक्कं बिल आणि जुने पार्ट, दोन्ही हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. हायवेला कुणी हात केला तर आधी टोल नाक्यापर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत हळू चालवत जा, उतरून चाकाचे नट आणि टायर स्वतः बघा, नट घट्ट असतील आणि टायर धड असेल तर गाडी हळूहळू ओळखीच्या गॅरेजपर्यंत न्या.

रंगवलेल्यातला डावा आता खरंच गळायला लागलाय, काळा थर धरलाय बरोबर. पुढच्या पगाराला जोडी बदलणार.