रोपांच्या ट्रेखालची उबदार चटई : निफाडच्या थंडीतील अनुभव

निफाडच्या थंडीत घरात मिरचीचे बी पेरून तीन-तीन आठवडे नुसत्या मातीकडे पाहत राहणे किती जिवावर येते, हे येथील प्रत्येक हौशी बागकाम करणाऱ्याला ठाऊक आहे. गेल्या डिसेंबरात माझ्या प्रोट्रेमधील (रोपांसाठी छोटे कप्पे असलेल्या ट्रेमधील) ढोबळी मिरचीचे निम्मे बीही उगवले नाही, म्हणून या हिवाळ्यात ट्रेखाली अंथरायची विजेची चटई मागवली. ती १० बाय २० इंचांची आणि २० वॅटची असून दिवसरात्र चालू ठेवली तरी जेमतेम अर्धा युनिट वीज घेते.

खोली बंद ठेवूनही बी का उगवत नाही, याचे उत्तर मला या चटईमुळे मिळाले. ट्रेमध्ये भरलेल्या ओल्या कोकोपीटमधून (नारळाच्या काथ्याच्या भुशातून) पाण्याची सतत वाफ होत असल्याने ते खोलीतील हवेपेक्षाही थंड राहते, आणि मिरचीच्या बियांना तर २५ ते ३० अंश सेल्सिअस उब थेट मुळाशी हवी असते. चटई ती नेमकी तेथेच पोहोचवते. या वेळी ढोबळी मिरची नवव्या दिवशी उगवली, तर सब्जाचे बी (ज्याची रोपे बेसिल म्हणून विकली जातात तेच) चौथ्या दिवशीच वर आले. कोथिंबिरीला मात्र तिचा काहीच उपयोग झाला नाही; धणे थंडीतही उगवतात, त्यांच्यासाठी हा खर्च करू नये.

माझी खरी तक्रार आहे ती थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला चटई आपोआप बंद-चालू करणारे उपकरण, सोबत न देण्याबद्दल. पहिल्याच आठवड्यात ऊन चढल्यावर दुपारी मातीचे तापमान ३६ अंशांवर गेलेले दिसले, आणि एवढ्या उष्णतेत कोवळे अंकुर तग धरत नाहीत. शेवटी थर्मोस्टॅट वेगळा विकत घ्यावा लागला. त्याची संवेदक तार बियांच्या खोलीवर मातीत रोवावी लागते. ती निसटून बाहेर आली, तर थर्मोस्टॅट थंड हवा मोजत राहतो आणि चटई मातीला तापवतच राहते. हे माहितीपत्रकात ठळकपणे छापायला हवे होते, पण त्यात त्याचा उल्लेखही नाही.

बहुतेक बी उगवल्याबरोबर ट्रेवरचे झाकण काढावे, ट्रे चटईवरून उचलावा आणि भरपूर उजेडात ठेवावा. सब्जाच्या एका ट्रेबाबत मी दोन दिवस उशीर केला, तेवढ्यात रोपे लांबुळकी व पांढुरकी झाली आणि दमट उबेमुळे काहींची मान मातीलगत कुजून ती आडवी पडली. यात चटईचा दोष नाही. तिचे काम अंकुर फुटेपर्यंतचेच आहे.

मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे थंडीत घरीच तयार करणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी, मात्र थर्मोस्टॅटची किंमत आधीच हिशेबात धरावी. शहाबादी फरशी बरीचशी उब शोषून घेते, त्यामुळे चटईखाली थर्माकोलचा एक जाडसर तुकडा ठेवावा. तो ठेवल्यावर माझ्या ट्रेमधील माती आणखी तीन अंशांनी उबदार राहू लागली.