विश्रामबागेतला मँडरिन संभाषणवर्ग: सकाळची बॅच घ्या, संध्याकाळची टाळा

सांगलीत विश्रामबागेत कॉलेजच्या मुलांसाठी आठ आठवड्यांचा मँडरिनचा, म्हणजे प्रमाण चिनी भाषेचा, संभाषणवर्ग चालतो. आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास, फी 4,800 रुपये. एमबीबीएसला चीनला निघालेली आणि एचएसकेके ही तोंडी परीक्षा देणारी मुलं इथे जास्त. वाचता येतं, पण बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते, अशांना हा वर्ग खरोखर उपयोगी आहे.

पहिल्या दिवशी 33 विधानांची प्रश्नावली भरून घेतात. परकी भाषा वर्गात बोलताना वाटणारी भीती मोजायला इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ती तयार केली. शेवटच्या आठवड्यात तीच पुन्हा. मधल्या काळात "लाजू नका, बोला" असं कुणी म्हणत नाही, हे फार चांगलं. मुलगा नेमका कुठे अडतो ते पाहतात.

बहुतेक मुलं पिनयिन, म्हणजे चिनीचं रोमन लेखन, इंग्रजीसारखं वाचतात आणि तिथेच फसतात. त्यातला 'बी' आपल्या 'प'जवळचा, 'डी' 'त'जवळचा, 'टी' 'थ'जवळचा. 'झेड' तर 'चाक'मधला च. तो मराठी जिभेवर आयताच आहे, हे कळल्यावर मुलांची निम्मी धास्ती जाते.

खरी अडचण सुरांची. 'माइ' खालच्या, तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणे. वरून खाली पडणाऱ्या चौथ्या सुरात म्हटलं तर विकणे. घाबरलेलं मूल पुटपुटतं आणि वाक्याच्या शेवटी प्रश्न विचारल्यासारखा आवाज चढवतं. चौथा सूर मग वर चढणाऱ्या दुसऱ्यासारखा ऐकू येतो, समोरच्याला कळत नाही, आणि मूल गप्प बसतं. इथे आधी तोंड मिटून नुसता सूर गुणगुणायला लावतात, मग शब्द, मग पाच शब्दांचं वाक्य जोडीदारासमोर. सगळ्यांसमोर उभं राहणं थेट चौथ्या आठवड्यात. मोबाइलवर रेकॉर्डिंग तीनदाच, नाहीतर मुलं तासभर एकच वाक्य घोटत बसतात. चूक सांगतात ती वाक्य पुरं झाल्यावर.

हे सगळं सकाळी 7 च्या बॅचमध्ये. तिथे आठच जण असतात. संध्याकाळी वीस. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटं, त्यात रस्त्यावरचे हॉर्न आणि पंख्याची खडखड. तिसऱ्या सुराचा खालचा भाग ऐकूच येत नाही, मग दुरुस्त काय करणार?

बोलींसाठी ठेवलेले शेवटचे दोन तास मात्र वाया जातात. दक्षिण चीनमधल्या कँटोनीजचे सहा सूर फळ्यावर मांडले की भीती उलट वाढते. त्यापेक्षा चीनच्या सिचुआन प्रांताकडे 'श'चा 'स' होतो, म्हणून चार ('सि') आणि दहा ('शि') या आकड्यांत घोळ होतो, एवढं सांगावं. औषधाच्या गोळ्या मोजताना तो महागात पडेल. तिथली माणसं दहासाठी दोन तर्जन्यांची फुली दाखवतात, ती खूण शिकवायला पाच मिनिटं पुरतात.

वाचलेल्या वेळात एचएसकेकेची आणखी एक सराव परीक्षा घ्यावी. प्राथमिक पातळीवर 27 प्रश्न असतात, पहिले 15 ऐकून जसंच्या तसं म्हणायचे. 100 पैकी 60 ला पास. सध्या सराव एकदाच होतो. प्रवेश घेतानाच दुसरा मागून घ्या.